बिनड्रायव्हरची गाडी

न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चच्या विमानतळावर भाड्याच्या गाडीची किल्ली देणाऱ्या त्या पोरानं मला सगळं विचारलं. परवाना विचारला, पासपोर्ट विचारला, अनामत अडकवून ठेवायचं कार्ड माझ्याच नावाचं आहे ना, हे दोनदा विचारलं. मुक्काम कुठे कुठे, गाडी परत कधी, दुसरं कुणी चालवणार का, तेही विचारलं. दुसरं कुणी नाही म्हटल्यावर त्यानं तो रकाना रिकामा सोडला आणि माझ्या शेजारी उभ्या असलेल्या ह्यांच्याकडे एकदाही पाहिलं नाही. मग बाहेर झिमझिम पावसात गाडीपाशी नेलं, किल्ली हातावर ठेवली, 'एन्जॉय' म्हणाला आणि खांदे आखडून आत पळाला. गाडी चालवता येते का, एवढं मात्र त्यानं विचारलं नाही. मी सीट पुढे ओढली, आरसे लावले, वायपरचं बटण शोधलं आणि काचेच्या दारातून तो बघतोय का ते पाहिलं. तो पुढच्या गिऱ्हाइकाचा पासपोर्ट उघडत होता.

या न विचारण्याचं एवढं काय लागावं? लागलं, कारण आमच्याकडे विचारतात. यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्यात मी गाडी चालवते त्याला कितीतरी वर्षं झाली. शाळा तालुक्याच्या टोकाला, एसटीच्या आणि शाळेच्या वेळेचं कधी जमलं नाही, म्हणून जुनी मारुती ८०० घेतली आणि रविवारी शाळेच्याच मैदानावर शिकले. तरी अजून पेट्रोलपंपावरचा पोरगा, पंक्चरवाला, चुलतसासरे आणि पावसाळ्यात रपट्यावर पाणी आलं की पलीकडच्या काठावर उभा असलेला कुणीही माणूस विचारतो, "वहिनी, जमंल ना? नाई तं मी काढून देतो." याचा मला मनस्वी राग येतो. शेजारून बुलेटवर जाणाऱ्या मिसरूड न फुटलेल्या पोराला कुणी हे विचारत नाही. पण तोच विचारणारा माणूस चप्पल हातात घेऊन गुडघाभर पाण्यात उतरतो, "डावी दाबून या, उजवीकडं खड्डा हाय," म्हणून हातवारे करतो, आणि मी पार झाले की नाव न सांगता निघून जातो. त्याच्यावर किती रागवायचं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. क्राइस्टचर्चच्या त्या पोरानं विचारलं नाही याचा पहिल्या वळणापर्यंत मला भयंकर आनंद झाला. दुसऱ्या वळणापासून पोटात कालवायला लागलं.

जमेल ना मला?

हा घाट पुण्याच्या लेकीचा. टूरवाल्याच्या बसमध्ये सकाळी सहाला बॅगा बाहेर ठेवणं ह्यांना झेपणार नाही आणि मला आवडणार नाही, म्हणून तिनं तिकडे बसल्या बसल्या गाडीच ठरवून टाकली. न्यूझीलंडमध्ये आपल्यासारखंच डावीकडून चालवतात, स्टिअरिंग उजवीकडे, इंग्रजीतला परवाना चालतो. तरीही तिच्या हट्टानं आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढला. १९४९ च्या जिनिव्हा कराराखाली मिळणारा, वर्षभराच्या मुदतीचा. दिवाळीच्या सुट्ट्या म्हणजे आमच्याकडे कापूस वेचणीचे दिवस. वेचणीआधीची सीतादहीची पूजा झालेली, वावर पांढरंशिप्पट, वेचणाऱ्या बाया मिळवताना लोकांच्या नाकी नऊ आलेले, आणि कृषी केंद्राचं शटर पुतण्याच्या भरवशावर टाकून नवरा-बायको विमानानं हिंडायला निघालेले. लोक काय बोलले ते लिहीत नाही. सासूबाईंनी एवढंच विचारलं, "अन् तथी गाडीवर कोन रायते?" मी राहते म्हटल्यावर त्यांना वाटलं, मी थट्टा करते आहे.

त्यांचं चुकत नव्हतं. आमच्या भागात भाड्यानं आणलेल्या कुठल्याही वस्तूबरोबर माणूस येतोच. ट्रॅक्टर सांगा, ड्रायव्हर येतो आणि रोटावेटर मारता मारता तुमचा धुरा, म्हणजे बांध, शेजाऱ्यानं किती कोरला तेही सांगतो. थ्रेशरबरोबर टोळी येते, जेसीबीबरोबर पोरगा येतो आणि त्याला दुपारी तर्रीची भाजी लागते. माझे वडील बैलजोडी द्यायचे तेव्हाही सालदार संगं जायचा. "जोडी देईन, पन कासरा माह्याच मानसाच्या हातात राहीन," असं ते स्वच्छ सांगत, आणि समोरच्यालाही त्यात अपमान वाटत नसे. संध्याकाळी जोडी परत आली की वडील आधी बैलांच्या खांद्यावरून हात फिरवत आणि मग सालदाराकडे बघत. तो नुसता मान हलवी. त्यात सगळा हिशेब आला, ढेप दिली की नाही, पाणी वेळेवर दाखवलं की नाही, चाबूक किती चालला. माणसाशिवाय मिळणारी एकच गोष्ट मला आठवते, ती म्हणजे बिछायत केंद्रातली भांडी. लग्न उरकलं की गंज, परात, झारे, वाट्या मोजून परत द्यायच्या, आणि तो दुकानदार प्रत्येक गंजाच्या बुडाला बोटानं टिचकी मारून पोचा नवा की जुना ते बघायचा. क्राइस्टचर्चला किल्ली मिळण्याआधी टॅबलेटवर गाडीचं चित्र दाखवून मागच्या बंपरवरचा ओरखडा, डाव्या दारावरची खूण, एकेकावर माझी सही घेतली, तेव्हा मला तो टिचकी मारणारा हात आठवला.

लांबच्या प्रवासाला आम्ही अजूनही गाडी करतो. पिवळ्या पाटीची अर्टिगा, आणि तिचा मालकही तोच, ड्रायव्हरही तोच. ह्यांना तो भाऊ म्हणतो, मला वहिनी. नागपूर, शेगाव, माहूर, अमरावतीची लग्नं, सगळीकडे तोच. देवळीला चहा कुठे चांगला, कळंबच्या पुढे अंधार पडला की रोही, म्हणजे नीलगायी, कुठून रस्त्यावर येतात, सासूबाईंना गाडी लागते म्हणून कोणत्या वळणाआधी काच खाली करायची, हे त्याला न सांगता कळतं. एका रात्री सासऱ्यांना सावंगीच्या दवाखान्यात न्यावं लागलं. हा पोरगा पहाटेपर्यंत व्हरांड्यात फरशीवर बसून राहिला, मधूनच उठून कुणाला चहा, कुणाला बिस्किटं आणून देत होता, आणि नंतर त्यानं डिझेलपुरतेच पैसे घेतले. हे एका बाजूला. दुसऱ्या बाजूला हेही खरं की त्याच्या गाडीत आम्ही नवरा-बायको कधी मोकळं बोललेलो नाही. पैशाचा विषय निघाला की हे आरशाकडे बघतात आणि "घरी गेल्यावर बोलू" म्हणतात. घरी सासूबाई, पुतणे, दुकानाचं गिऱ्हाईक. ते घरी गेल्यावरचं बोलणं वर्षानुवर्षं साठत गेलं आहे.

पहिल्या रात्री टेकापोला मुक्काम. तळ्याचं पाणी असं निळं की हे म्हणाले, मोरचूद कालवल्यावानी दिसते. बर्फाच्या नद्या खडक दळून जे पीठ वाहून आणतात त्याचा तो रंग, असं तिथल्या पाटीवर होतं. काठावर १९३५ सालचं दगडी चर्च आहे, त्याच्या खिडकीतून तळं बघायला माणसांची रांग. आम्ही रांगेत लागलो नाही. हे खोलीतल्या दिव्याखाली गाडीच्या कराराचे कागद वाचत बसले. हा माणूस कृषी केंद्र चालवतो. पीकविम्याचे कागद हा त्यांचा घरचा विषय. २०२३ च्या खरिपापासून एका रुपयात विमा निघायला लागला तेव्हा आणि २०२५ ला ते बंद झालं तेव्हाही, गावातली माणसं कागद घेऊन आधी दुकानात यायची. नुकसान झालं की ७२ तासांच्या आत कळवा, हे वाक्य हे झोपेतही म्हणू शकतात. त्यामुळे गाडीच्या विम्यात काय मिळणार यापेक्षा काय मिळणार नाही, हे त्यांनी बरोबर शोधलं. गाडीच्या बुडाला लागलं तर नाही. टायर-काच नाही, वेगळे पैसे भरले तरच. चुकीचं इंधन टाकलं तर नाही. पाण्यातून घातली तर नाही. क्वीन्सटाउनजवळच्या स्किपर्सच्या रस्त्यावर नेली तर काहीच नाही. आणि सगळं नीट असूनही नुकसानीतली पहिली ठरावीक रक्कम आपलीच, ती कमी करून हवी असेल तर रोजचे जास्तीचे डॉलर. "हे म्हंजे उंबरठा उत्पन्नच झालं," हे म्हणाले. पीकविम्यात उत्पन्न त्या उंबरठ्याखाली गेल्याशिवाय भरपाई नाही, तसंच हे. आणि बराच वेळ ह्यांना परदेशात आल्याचा आनंद झाला.

त्या कागदांतून एक गोष्ट निघाली, ती मात्र आम्हा दोघांनाही पचली नाही. तिथे १९७४ पासून अशी व्यवस्था आहे की अपघातात कुणाला लागलं तर चूक कुणाची हे न बघता उपचाराचा भार सरकारी योजना उचलते, आणि त्यात पाहुणे म्हणून आलेले परदेशी प्रवासीही धरतात. उलट दुसऱ्याच्या गाडीच्या नुकसानीचा विमा तिथे सक्तीचा नाही. आपल्याकडे तृतीय पक्ष विम्याशिवाय गाडी रस्त्यावर आणणं गुन्हा, आणि तरी अपघातातला माणूस दवाखान्यात नेला की पैसे आधी कोण भरणार यावर पाच जण उभ्याउभ्या भांडतात. म्हणजे तिथे हाड मोडलं तर सरकार बघेल, पत्रा चेपला तर आपण. ह्यांनी कागद घडी करून चष्म्याच्या डब्यात ठेवले आणि म्हणाले, "मंग पत्रा सांभाळून चालव. आपलं काय, आपलं तं होऊन जाईन."

रस्त्याचं वर्णन करायला गेले तर फोटोतलंच लिहीन. एवढंच सांगते की कॅंटरबरीचं मैदान आमच्यासारखंच सपाट, फक्त वावरात माणूस दिसत नाही. मैलभर लांबीचं, चाकांवर फिरणारं पाण्याचं यंत्र दिसतं, मेंढ्या दिसतात, पण कुणी वाकलेलं नाही, कुणी धुऱ्यावर बसून भाकर खात नाही, रस्त्यानं जाणाऱ्या गाडीकडे कुणी मान वर करून बघत नाही. १९८२ मध्ये या देशात सात कोटींवर मेंढ्या होत्या, माणशी बावीस. आता माणशी पाचसुद्धा राहिलेल्या नाहीत, तरी आम्हाला माणसांपेक्षा मेंढ्याच जास्त भेटल्या. एकदा कळप रस्ता ओलांडत होता तेव्हा मी गाडी बंद करून काच खाली केली. ओल्या लोकरीचा, लेंड्यांचा तोच वास, जो आमच्याकडे सुगी सरल्यावर काठेवाडी लोकांचे कळप रस्त्याला लागले की येतो. आमचा गाडीवाला अशा वेळी उतरतो, विडी मागतो, कुठून आले, किती दिवस मुक्काम, कोणाच्या वावरात बसवता, सगळं विचारून घेतो. इथे मेंढ्यांमागून चार चाकी मोटारसायकलवर एक बाई आली, तिनं बोट वर केलं, मीही केलं. संपलं.

पुलांवर मात्र माझा जीव जडला. दक्षिण बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर नदीमागून नदी येते आणि त्यातल्या कितीतरी पुलांवरून एका वेळी एकच गाडी जाऊ शकते. आधी कोणी जायचं, ते पाटी सांगते. एका टोकाला निळी पाटी आणि मोठा पांढरा बाण, म्हणजे तुम्ही आधी. दुसऱ्या टोकाला लाल कडेची गोल पाटी, म्हणजे तुम्ही थांबा. आमच्या रपट्यावर हे ठरवायची रीत निराळी. मोठी गाडी आधी, मोठा हॉर्न आधी, नवरदेवाची गाडी असेल तर सगळ्यांच्या आधी, आणि बाई चालवत असेल तर तिनं थांबावं हे समोरच्यानं गृहीतच धरलेलं. हास्टच्या पुढे एका पुलाशी माझ्या बाजूला निळी पाटी होती आणि समोरून दुधाचा अवाढव्य टँकर आला. तो थांबला. पावसात, एवढा मोठा, दम खात, माझ्यासाठी. मी पूल ओलांडून त्याच्या बाजूनं गेले तेव्हा त्या ड्रायव्हरनं स्टिअरिंगवरून एक बोट उचललं. माझं वय, माझी साडी, माझ्या शेजारी बसलेला पुरुष, यातलं काहीही त्या बाणाला माहीत नव्हतं. ह्यांना मी म्हटलं, बघा. हे म्हणाले, "काय बघू? समोर बघ."

ग्रेमाउथकडे जाताना तारामाकाऊ नदीवर एक पूल लागतो. २०१८ पर्यंत त्या एकाच अरुंद पुलावरून आगगाडीही जायची आणि मोटारीही. आता मोटारींना शेजारी वेगळा पूल आहे. हे वाचून ह्यांना आमची शकुंतला रेल्वे आठवली नसती तरच नवल. दारव्ह्याच्या माणसाला कुठलाही रूळ दाखवा, तो मूर्तिजापूर–यवतमाळला पोचतो. अडीच फुटी रूळ, ११३ किलोमीटर, आणि गाडी इतकी सावकाश की फाटक लावायला तिचीच माणसं खाली उतरणार, गाडी पुढे काढणार, फाटक उघडून परत चढणार. १९९४ पर्यंत वाफेचं इंजिन होतं, त्याच्या कोळशाचे कण डोळ्यात गेलेले मला आठवतात. रूळ विलायती कंपनीचे आणि गाडी चालवायची आपल्या रेल्वेनं. स्वातंत्र्यानंतर इतकी वर्षं आपण दुसऱ्याच्या रुळांवरून भाडं देऊन फिरलो, यात आमच्या गावात कुणाला फार वावगं वाटलं नाही. वाईट वाटलं ते गाडी बंद पडली तेव्हा. गाडी कोणाची, हे तिच्यात बसणाऱ्याच्या ध्यानातच नव्हतं. तिकीट तपासणारा कोणाचा मामा आणि इंजिनवरचा कोणाचा साडू, ते सगळ्यांना पाठ होतं.

तिसरं माणूस नसलेल्या गाडीत काय होतं, ते मला लिंडिस घाटात कळलं. दोन्ही बाजूंना वाळक्या सोनेरी गवताचे डोंगर, झाड म्हणून नाही, वारा असा की गाडी बाजूला सरकते. हे अचानक म्हणाले की रोडलगतचं वावर विकायचं भावानं काढलं आहे, लेआउट पाडणाऱ्याशी बोलणं झालं आहे, आणि ह्यांनी हो म्हणून टाकलं आहे. कधी? म्हणे, पोळ्याच्या आधी. मी काही बोलले नाही. मोबाइलवरची बाई पुढचं वळण सांगत राहिली. मग मी बोलले, आणि जे बोलले त्यात ते वावरही होतं, सासऱ्यांच्या आजारातलं कर्जही होतं, लेक लग्नाला नाही म्हणते त्यावर ह्यांनी सहा महिने तिच्याशी धरलेला अबोलाही होता. हेही बोलले. मोठ्यानं बोलले. आरशात बघायचं कारण नव्हतं. बघायला घाटमाथ्यावर गाडी थांबवायची जागा आहे, तिथे मी गाडी लावली आणि खाली उतरून वाऱ्यात उभी राहिले. हे थोड्या वेळानं थर्मासचा चहा आणि चिवड्याची पिशवी घेऊन आले. वाऱ्यानं चिवड्यातले पोहे उडाले, दाणे राहिले. वावराचं आम्ही तिथे काही ठरवलं नाही. पण पुढचे दिवस हे गाडीत बसले की तुकडोजी महाराजांचं भजन गुणगुणायचे, मांडीवर खंजिरीचा ठेका धरून. इतकी वर्षं संसार केला, पण गाडीत हे गातात हे मला माहीत नव्हतं. आमच्या गाडीवाल्याच्या टेपवर त्याचीच गाणी असतात.

मोकळीक म्हणाल तर ही होती, आणि एकटेपणा म्हणाल तर तोही हाच. हास्टला टाकी भरली तेव्हा पाटी होती की पुढचा पंप सुमारे १२० किलोमीटरवर, फॉक्स ग्लेशियरला. मधे पाऊस, झाडं, समुद्र आणि मोबाइलला रेंज नाही. रस्त्याकडेला अधूनमधून पांढरे क्रूस, अपघातात गेलेल्या माणसांचे. बघायला थांबायच्या जागेतून बाहेर पडताना डांबरावर मोठा बाण रंगवलेला, डावीकडून जा म्हणून. तो बाण आमच्यासाठी नव्हता, उजवीकडून चालवणाऱ्या देशांतून येणाऱ्यांसाठी होता. लेकीनं पाठवलेल्या जुन्या बातम्यांत वाचलं होतं की २०१५ च्या सुमारास वेडीवाकडी चालवणाऱ्या काही परदेशी पर्यटकांना तिथल्या लोकांनी भर रस्त्यात अडवून गाडीच्या किल्ल्याच काढून घेतल्या. पोलिसांना ते आवडलं नाही. मला मात्र त्या बातम्या वाचून बरं वाटलं होतं, ते तिथे गाडी चालवताना आणखी पटलं. काउंटरवरच्या पोरानं जो प्रश्न सोडून दिला तो रस्त्यावर कुणाला तरी विचारावासा वाटतोच. फक्त तिथे तो अपघाताच्या काठावर विचारला जातो, आमच्याकडे गाडी अंगणातून निघायच्या आधी.

आर्थर्स पासला डोंगरातले पोपट भेटले. किया म्हणतात त्यांना. अंगानं शेवाळी हिरवे, पंख उघडला की आतून नारिंगी, आणि वागणं थेट आमच्या वानरांचं. आम्ही चहा घेत होतो तेवढ्यात एक आमच्या गाडीच्या टपावर बसला आणि दाराचं रबर चोचीनं उपसायला लागला. दुसरा वायपरपाशी. हे कप टाकून "हाट, हाट" करत धावले, तर त्यांनी दोन पावलं मागे सरून ह्यांच्याकडे मान तिरकी करून पाहिलं, तुमचा काय संबंध अशा नजरेनं. संबंध होता, अनामत आमची होती. ह्यांनी चष्म्याच्या डब्यातून कागद काढले आणि त्या थंडीत उभ्याउभ्या पक्ष्यांचं कलम शोधलं. सापडलं नाही.

परतीचं विमान पहाटेचं होतं, गाडीवाल्यांचं ऑफिस बंद. टाकी भरल्याची पावती डॅशबोर्डवर ठेवायची, गाडी ठरलेल्या रांगेत लावायची आणि किल्ली भिंतीतल्या फटीत टाकायची, अशी सूचना होती. ह्यांनी चारही बाजूंनी फोटो काढले, पंचनाम्याला काढतात तसे. मी किल्ली टाकली. आत खण्णकन आवाज झाला. वास्तविक याहून सुटसुटीत काय असतं? ना घासाघीस, ना "पुढच्या वेळी मलेच सांगजा," ना वाट बघणं. काही दिवसांनी शाळेत तास घेत असताना मोबाइलवर संदेश आला, अनामत पूर्ण मोकळी केल्याचा. इतका चोख व्यवहार मी माझ्या सख्ख्या नात्यातही पाहिलेला नाही.

नागपूरच्या विमानतळावर आमचा गाडीवाला उभा होता. बॅगा टाकता टाकता त्यानं सगळं विचारून घेतलं. किल्लीचं ऐकून थांबला. "कोनी पायलंच नाई? अन् ठोकून ठेवली असती तं?" मी म्हटलं, कार्डातून कापून घेतले असते. बुटीबोरीपर्यंत तो गप्प होता. मग म्हणाला, "मले तुमच्या कारडाचा नंबर माईत नाई वहिनी. पन भाऊची बीपीची गोयी कोन्त्या खिशात रायते, ते माईत हाय." हे लगेच खिसा चाचपायला लागले. देवळीला चहा झाला. वर्धा-यवतमाळ रस्त्यावर कापसाच्या गाड्या लागल्या, दोन्ही बाजूंनी बाहेर आलेली बोंदरं, बाभळीच्या काट्यांना अडकलेले पांढरे पुंजके. ह्यांना रोडलगतच्या वावराबद्दल काहीतरी बोलायचं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग आरशाकडे पाहिलं.

तुळशीचं लग्न झाल्यावर हा गाडीवाला एका संध्याकाळी घरी आला. त्याच्या डोक्यात किडा शिरला होता. दुसरी गाडी घ्यायची आणि बिनड्रायव्हरची द्यायची. "तो तिकडचा कागद वाचून दाखवा," म्हणाला. मी एकेक कलम मराठीत सांगत गेले आणि तो आपली भर घालत गेला. पांदण रस्त्यानं न्यायची नाही. बैलांच्या शंकरपटाला नेली तर दुप्पट. बकरं बसवायचं नाही, नवस असला तरी. नवरदेवासाठी फुलं लावा, पण टेप चिकटवायचा नाही, रंग निघतो. ह्यांनी ७२ तासांचं कलम घालायला लावलं. मग ओरखड्यांची यादी करायची म्हणून तो बॅटरी घेऊन त्याच्या अर्टिगाभोवती फिरला, तर यादी काही होईना. प्रत्येक खुणेपाशी थांबून तो सांगायचा, हा नेरच्या लग्नातला, हे रोही आडवं आलं तेव्हाचं, अन् हे बुढ्याच्या काठीचं, दवाखान्यातून आनताना. मी म्हटलं, हे सगळं लिहिता येणार नाही, आणि दुसरं म्हणजे असा धंदा करायचा तर काळी पाटी लागते, पिवळ्या अक्षरांची, आणि १९८९ च्या योजनेप्रमाणे निदान पन्नास गाड्या हव्यात.

"पन्नास?" तो ओट्यावर बसलाच. "पन्नास गाड्या उभ्या कराले दारव्ह्यात जागा कोठी हाय?" मग चहा आला. त्यानं तिकडचं रोजचं भाडं रुपयात किती होतं ते विचारलं, ह्यांनी कौतुकानं सांगितलं. ते ऐकून त्यानं कप खाली ठेवला आणि शेगावच्या फेरीला किलोमीटरमागं दोन रुपये वाढवून मागितले. हे चिडले. मी आत भाकरी टाकायला गेले, बाहेर आले तेव्हा दीड रुपयावर जमलं होतं आणि पहाटे चारला निघायचं ठरलं होतं.